मे महिन्यात अमेरिकेला निघताना: लांबच्या विमानप्रवासाचा पेहराव

मे-जूनमध्ये महाराष्ट्रातून अमेरिकेला जाणाऱ्यांची मोठी गर्दी असते. नातवंडांना भेटायला निघालेले आजी-आजोबा, लेकीच्या बाळंतपणाला निघालेली आई, मुलाच्या पदवीदानाला निघालेले आईवडील. पुण्याच्या घराला कुलूप लावल्यापासून न्यू जर्सीतल्या नेवार्क विमानतळाबाहेर पाऊल पडेपर्यंत अख्खा दिवस जातो. मुंबईपर्यंत टॅक्सीचे तीन-चार तास, विमानतळावरचे तीन आणि थेट विमान असेल तर आणखी साधारण १६. दोहा किंवा दुबईत थांबा असला तर त्याहूनही जास्त. तेवढा सगळा वेळ तेच कपडे अंगावर असतात, आणि पलीकडे कुणीतरी फुलं घेऊन, मोबाइल सरसावून फोटो काढायला उभं असतं. म्हणून आराम आणि रुबाब यांतलं एक सोडून देण्याची गरज नाही असं मला ठामपणे वाटतं. कापड आणि शिवण नीट निवडली तर दोन्ही जमतं.

निवडीआधी हवेचा हिशेब मांडा. पुण्यात कोरडी गरमी. घाट उतरून पनवेलला आलात की दमट हवा. मुंबईत मेमध्ये पारा ३३-३४ च्या आसपासच असतो, पण घाम वाळत नाही. विमानतळाच्या आत गारवा. विमानात तापमान साधारण २२ ते २४ अंश, मात्र हवेतली आर्द्रता बहुतेक वेळा २० टक्क्यांच्याही खाली, म्हणजे विदर्भातल्या भर उन्हाळ्यासारखी कोरडी. खिडकीशेजारी आणि पायाशी गारठा आणखी जाणवतो. उतरल्यावर न्यू जर्सीत मेच्या सकाळी १२-१५ अंश असू शकतात. सॅन फ्रान्सिस्कोला तर ऐन जुलैतही वारा बोचतो.

यात सर्वांत जास्त त्रास उकाड्याचाही नसतो आणि थंडीचाही नसतो. टॅक्सीत आणि सामान ढकलताना भिजलेली पाठ तशीच घेऊन एसीत १६ तास बसणं, हा खरा त्रास. सर्दी, आखडलेली मान, चिकचिक, अंगाला येणारा वास, सगळं तिथून सुरू होतं. तेव्हा पेहराव ठरवताना एकच सूत्र धरा: मुंबईचा घाम विमानात न्यायचा नाही. पुढच्या बहुतेक सूचना त्याच्याच पोटात आहेत.

पहिली पायरी: कापड

नेहमीच्या हवेत सुती कापड स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के ओलावा धरून ठेवतं. लिनन १२ च्या आसपास, रेयॉन म्हणजे व्हिस्कोस ११ ते १३, लोकर १६ आणि पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. यावरून पॉलिएस्टरचा कुर्ता दमट हवेत अंगाला का चिकटतो ते कळतं. पण सुतालाही एक मर्यादा आहे. ते घाम पितं आणि सावकाश वाळतं. जाड सुती टी-शर्ट एकदा भिजला की एसीत तास-दीड तास पाठीला गार लागत राहतो. म्हणून सुती घ्यायचं तर पातळ घ्या. मलमल, ज्याला दुकानात मल कॉटन म्हणतात, ते उत्तम. विरळ विणीचं हातमागाचं किंवा पातळ खादीचं कापडही चालेल. कापड दिव्यासमोर धरलं की उजेड झिरपला पाहिजे. त्यातून हवाही खेळते आणि ते लवकर वाळतं. फार पारदर्शक असेल तर आत पातळ सुती अस्तर किंवा स्लिप.

लिनन दिसायला देखणं, पण बसल्यावर मांडीशी आणि पोटाशी ज्या चुण्या पडतात त्या उतरेपर्यंत जात नाहीत. शुद्ध लिननऐवजी सूत-लिनन किंवा व्हिस्कोस-लिनन मिश्रण घेतलं तर चुण्या कमी पडतात आणि दिमाख तोच राहतो. मोडाल आणि लायोसेल ही लाकडाच्या लगद्यापासून केलेली कापडं मऊ असतात, सुळसुळीत पडतात आणि घामही पितात. लांबच्या प्रवासाच्या पँटसाठी मला ती सुतापेक्षाही बरी वाटतात.

दुकानात एक साधी परीक्षा करा. कापडाचं टोक मुठीत घट्ट आवळून अर्धा मिनिट धरा आणि सोडा. तीक्ष्ण घड्या राहिल्या तर ते कापड लग्नाला ठेवा. मऊ सुरकुत्या पडून हळूहळू सैलावल्या तर विमानाला घ्या. क्रिंकल कॉटन, सीअरसकर यांसारख्या कापडांत चुण्या मुळातच दिलेल्या असतात, त्यामुळे नव्या चुण्या दिसतच नाहीत.

खळ मात्र अजिबात नको. खळीचा कुर्ता घरातून निघताना कडक दिसतो. पनवेलपर्यंत घामानं मऊ पडतो, नंतर मोडलेल्या घड्या तशाच राहतात आणि मानेला टोचतो तो वेगळाच. नवे कपडेही थेट प्रवासात नेसू नका. दोनदा धुतले की सूत मऊ होतं आणि गडद इंडिगो किंवा अजरखचा सुटा रंग निघून जातो. नाहीतर तो घामाबरोबर अंगावर आणि फिक्या ओढणीवर उतरतो.

सुती, लिनन, लोकरी कपड्यांच्या बाजूनं आणखी एक कारण आहे. आगीच्या प्रसंगी नायलॉन-पॉलिएस्टर वितळून त्वचेला चिकटतं, हे कापड तसं करत नाही. असा प्रसंग फार क्वचित येतो, पण निवड आपल्या हातात असेल तर ती इकडे झुकू द्या.

दुसरी पायरी: आधी खालचा कपडा ठरवा

बहुतेक जण कुर्ता किंवा शर्ट आधी निवडतात आणि मग त्याला जुळेल ती पँट शोधतात. लांबच्या प्रवासात हा क्रम उलटा करा. १६ तास तुम्ही खालच्या कपड्यावर बसणार आहात.

कंबर इलॅस्टिकची हवी, आणि ते इलॅस्टिक किमान दीड इंच रुंद हवं. अरुंद इलॅस्टिक पोटात रुततं. विमानात हवेचा दाब ६,००० ते ८,००० फुटांवरच्या डोंगरावर असतो तितका ठेवलेला असतो. दाब कमी झाला की पोटातला वायू प्रसरण पावतो आणि घरी सैल वाटणारी कंबर घट्ट होते. म्हणून पँट घेताना पोटभर जेवून, बसून बघा. नाडीची सलवार टाळाच. विमानातल्या चिंचोळ्या शौचालयात, हादरे बसत असताना, सुटलेलं नाडीचं टोक आत जाऊ न देता गाठ मारणं फार कटकटीचं असतं.

पलाझो हवेशीर आणि सुंदर, पण तिचा घेर त्याच शौचालयाच्या ओल्या फरशीला लागतो. सरकत्या जिन्याच्या कडेलाही अडकू शकतो. घोट्याच्या वर दोन बोटं संपणारी सरळ किंवा किंचित निमुळती पँट सर्वांत सोयीची. घेर आवडतच असेल तर पोटरीच्या मध्यापर्यंत येणारी क्युलॉट घ्या.

लेगिंग्जबद्दल माझं मत चांगलं नाही. तासन्‌तास मांडीला आणि जांघेत घट्ट बसणारं लायक्राचं कापड घाम बाहेर जाऊ देत नाही आणि उतरताना गुडघ्यांशी फुगे दिसतात. जीन्सची जाड शिवण आणि मागच्या खिशांची बटणं झोपेत टोचतात. जीन्स घालायचीच तर पातळ, ताणणारी आणि मागे बटणं नसलेली.

तिसरी पायरी: वरचा कपडा

इथे खांद्याचं माप सर्वांत महत्त्वाचं. कपडा अंगावर सैल असूनही नीटनेटका दिसतो तो केवळ खांद्याची शिवण जागच्या जागी असली तर. खांदा बरोबर, बाकी सैल, बाही पाऊण. एवढं जमलं की साधा मलमलचा कुर्ताही उठून दिसतो. काखेत भरपूर मोकळीक हवी. दोन्ही हात वर करून सामानाच्या कप्प्यापर्यंत नेऊन बघा, कुर्ता पोटाच्या वर जातो का? कुर्त्याची लांबी गुडघ्याच्या जरा वर आणि दोन्ही बाजूंना चीर. चीर नसली तर बसताना कापड ताणलं जातं आणि काखेत ओढ बसते.

पाठीवर काहीही नको: चेन नको, लटकन नको, मणी नकोत, दोरीची गाठ नको. तीच गोष्ट उभ्या कॉलरची. मानेची उशी आणि उभी कॉलर एकमेकींशी भांडत राहतात. हूडचंही तसंच.

ज्यांना साडीच नेसायची आहे त्यांनी जरूर नेसावी. सवय असलेल्या बाईला साडीइतका मोकळा पेहराव दुसरा नाही, आणि केबिनमध्ये पदर पांघरूण होतो. फक्त परकराची नाडी बदला. चोवीस तास एकाच जागी आवळलेली नाडी कमरेवर वळ उठवते, खाज आणते. रुंद इलॅस्टिकचा सुती परकर शिवून घ्या. साडी मऊ सुती, बिनखळीची, अरुंद काठाची. मंगळगिरी किंवा रोजच्या वापरातली इरकल छान. नेसताना नेहमीपेक्षा एक इंच वर. ब्लाउज जुना, सवयीचा, पुढे हुकांचा. पिना दोनच, आणि त्याही बसल्यावर टोचतील अशा जागी नकोत.

पुरुषांसाठी काम सोपं आहे, तरी बरेच जण एक तर ऑफिसच्या पँट-पट्ट्यात निघतात नाहीतर थेट ट्रॅकपँटमध्ये. या दोन्हींच्या मधली जागा म्हणजे मागून इलॅस्टिक असलेली सुती चिनो आणि अर्ध्या किंवा दुमडलेल्या बाह्यांचा सुती-लिनन शर्ट, बाहेर सोडलेला. पट्टा लागत नाही, त्यामुळे तपासणीत काढावा लागत नाही. त्यावर खादीची बंडी घाला. बंडीला चार खिसे असतात: पासपोर्ट, बोर्डिंग पास, चष्मा, गोळ्या. छाती-पाठ उबदार राहते, हात मोकळे राहतात, आणि उतरल्यावर माणूस भेटीला आल्यासारखा दिसतो. आत बाहीचा पातळ सुती बनियन असू द्या आणि बॅगेत एक कोरडा.

बायकांनी अंतर्वस्त्रं सुती, बिनतारेची घालावीत. तार बरगडीत रुतते आणि काही यंत्रं तिच्यावर वाजतात. पाळी त्या दिवसांत येण्याची शक्यता असेल तर गडद रंगाची पँट आणि पीरियड पँटी. शौचालयासमोर रांग लागते तेव्हा तेवढीच निश्चिंती.

चौथी पायरी: वरून घ्यायचं पांघरूण

एक जाड स्वेटर नेण्यापेक्षा दोन पातळ थर न्या. पहिला थर पुढून उघडणारा हवा: पातळ कार्डिगन, बंडी किंवा सुती जॅकेट. डोक्यातून घालायचा स्वेटर तीन जणांच्या रांगेत मधल्या सीटवर काढून बघा, शेजाऱ्याला कोपर लागतंच. दुसरा थर शाल किंवा मोठी ओढणी. साधारण दोन मीटर लांब आणि पाऊण मीटर रुंद असली की खांद्यांपासून गुडघ्यांपर्यंत पुरते, डोळ्यांवर ओढता येते, गुंडाळून कमरेमागे लोड म्हणून ठेवता येते.

आपल्याकडे घरोघरी सत्कारात मिळालेल्या शालींची चळत असते. त्यातली एक उचलण्याचा मोह होईल. आधी हात लावून बघा. बहुतेक अॅक्रिलिकच्या असतात, त्या कोरड्या केबिनमध्ये चटचट ठिणग्या मारतात आणि केस उभे करतात. पातळ मेंढीच्या लोकरीची असेल तर बिनधास्त न्या. लोकर ओलावा धरते, तरी गार लागत नाही, आणि वासही चटकन धरत नाही. सोलापुरी चादर उबदार खरी, पण फार जड. ती मोठ्या बॅगेतून लेकीला द्या.

पाचवी पायरी: पाय

पायांकडे सर्वांत कमी लक्ष दिलं जातं आणि तक्रार सर्वांत जास्त पायांचीच असते. तासन्‌तास बसल्यानं पोटरीचे स्नायू हलत नाहीत, रक्त आणि पाणी खाली साचतं, घोटे सुजतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २००७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, चार तासांहून जास्त बसून केलेल्या प्रवासात शिरेत गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो असं दिसलं. मूळ धोका लहान आहे, सहा हजार प्रवाशांत सुमारे एक. पण ज्यांना आधी गुठळी झाली आहे, नुकतीच शस्त्रक्रिया झाली आहे, गर्भारपण आहे किंवा वजन जास्त आहे, त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांशी बोलावं.

गुडघ्याखालपर्यंतचे दाबमोजे इथे उपयोगी पडतात. औषधाच्या दुकानात कॉम्प्रेशन स्टॉकिंग्ज म्हणून मागा. घोट्यापाशी १५ ते २० मिलिमीटर पारा एवढा दाब प्रवासाला पुरतो. माप घोट्याचं आणि पोटरीचं घेतात, बुटाच्या नंबरावरून घेऊ नका. ते सकाळी, सूज नसताना चढवायचे असतात. रात्रीचं विमान असेल तर तासभर पाय उंच ठेवून मग चढवा. वरची कड दुमडू नका, तिथेच करकचून आवळलं जातं. मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झालेल्यांनी किंवा पायांचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नयेत. मोजे काळे किंवा पँटच्या रंगाचे घ्या, म्हणजे घोट्याशी वेगळे दिसत नाहीत.

पादत्राण बंद, मऊ तळव्याचं, बोटांशी ऐसपैस आणि सैल करता येईल असं. लेस किंवा वेल्क्रो असली की पाय सुजल्यावर जागा देता येते. माप संध्याकाळी, दाबमोजे घालून घ्या. कोल्हापुरी चप्पल कितीही देखणी असली तरी तिचा पट्टा सैल होत नाही, तळवा कडक असतो आणि गुळगुळीत फरशीवर चामडं घसरतं. ती बॅगेत ठेवा, तिकडच्या कार्यक्रमात मिरवा. अमेरिकेतल्या तपासणीत बूट काढायला लावण्याची २००६ पासूनची सक्ती २०२५ च्या जुलैत उठली, तरी खास तपासणीला बाजूला घेतलं तर काढावे लागतात. इतर देशांत नियम वेगळे. तेव्हा न वाकता निघतील असेच बूट सोयीचे. विमान उडताना आणि उतरताना बूट पायातच ठेवा. मध्ये काढलेत तरी शौचालयात नुसत्या मोज्यांनी जाऊ नका.

दागिने, केस, रंग

मंगळसूत्र छोटं, हातात एक-एक बांगडी किंवा घड्याळ, एवढं पुष्कळ. कानातल्याची फिरकी मागे लांब असेल तर कुशीवर झोपताना मानेत टोचते. आखूड दांड्याच्या मोत्याच्या कुड्या शोभतात आणि हेडफोनखाली मावतात. जरीकाम, टिकल्या, धातूची बटणं असलेले कपडे यंत्रात खुणावले जातात आणि मग हातानं तपासणी होते. फार घोळदार कपड्यांचंही तसंच. घाबरण्यासारखं काही नाही, वेळ मात्र जातो.

अंबाडा आणि क्लचर सीटच्या पाठीला टेकतात, मान पुढे ढकलली जाते. बाजूला घेतलेली सैल वेणी उत्तम.

रंगात माझी पसंती एकाच छटेच्या वर-खाली जोडीला: गडद निळ्यावर निळा, मेंदीवर मेंदी, वांगीवर वांगी. बांधा सलग आणि उंच दिसतो. वेगळा रंग ओढणीत किंवा बंडीत आणा. बारीक छापा असला की डाळीचा थेंब लपतो. पांढरा आणि मोतिया या प्रवासात नको.

रंगीत तालीम

निघण्याच्या आठवडाभर आधी ठरवलेला पूर्ण वेष, मोजे-बुटांसकट, एका संध्याकाळी घाला. जेवा, खुर्चीत बसून टीव्ही बघा, डुलकी काढा, जिना चढा, वाकून जड बॅग उचला. जे कुठे काचलं, टोचलं, वर सरकलं, ते तेव्हाच बदला. शिंप्याला द्यायला अजून वेळ असतो.

प्रवासाच्या दिवशीचा क्रम

टॅक्सीत जुना, पातळ टी-शर्ट किंवा कुर्ता घालूनच बसा. विमानात घालायचा वरचा कपडा हातातल्या बॅगेत, गुंडाळी करून ठेवा. घडीपेक्षा गुंडाळीत चुण्या कमी पडतात. सामान दिलं, सुरक्षा तपासणी झाली की प्रसाधनगृह गाठा. ओल्या नॅपकिननं मान, काखा, पाठ पुसा, कोरडं करा, मग कोरडा बनियन आणि प्रवासाचा कुर्ता चढवा. ओला कपडा झिपच्या प्लास्टिक पिशवीत. या दहा मिनिटांनी जेवढा फरक पडतो तेवढा महागड्या कपड्यानंही पडत नाही. सोबत वयस्कर आई-वडील असतील तर त्यांच्यासाठी हे आवर्जून करा, ते स्वतःहून म्हणणार नाहीत.

हातातल्या बॅगेत कपड्यांपैकी एवढं असू द्या:

- अंतर्वस्त्रांचा जोड आणि एक बनियन
- एक पातळ कुर्ता किंवा शर्ट (सामान उशिरा आलं तर हाच आधार)
- साध्या मोज्यांचा जोड
- शाल, नॅपकिन, दोन झिपच्या पिशव्या

विमानात बसल्यावर लगेच पांघरू नका. दार बंद होईपर्यंत आत उकडतं. विमान वर गेलं की कार्डिगन किंवा बंडी, दिवे मालवले की शाल. झोपताना सीटचा पट्टा शालीवरून लावा, म्हणजे तो बघायला कुणी उठवत नाही. कॉन्टॅक्ट लेन्स वापरत असाल तर कोरड्या हवेत चष्माच बरा. ओठांना आणि हातांना व्हॅसलीन, चेहऱ्याला क्रीम; मेकअप आत्ता नको. जाग आली की उठून एक फेरी मारा, बसल्या बसल्या टाचा-चवडे वरखाली करा.

उतरायच्या दीड तास आधी, शेवटचं खाणं येण्यापूर्वी, शौचालयाला रांग नसते. तेव्हा तोंड धुवा, वेणी पुन्हा घाला, हात ओले करून कुर्त्याच्या मांडीवरच्या चुण्यांवरून फिरवा, त्या बऱ्याच उतरतात. टिकली, काजळ, हलकी लिपस्टिक. पुरुषांनी शर्टावरची बंडी नीट करून केस विंचरले की झालं. दाबमोजे मात्र घरी पोहोचेपर्यंत काढू नका. इमिग्रेशनच्या रांगेत तास-दोन तास उभं राहावं लागू शकतं आणि पुढे गाडीतलं बसणं असतंच. नंतरच्या दिवसांत एकच पोटरी सुजली, दुखली, गरम लागली किंवा अचानक धाप लागली, तर थकवा समजून थांबू नका, लगेच डॉक्टरांकडे.

परतीचा प्रवास जून-जुलैत असेल तर हिशेब थोडा बदलतो. मुंबईत पाऊस असणार, पार्किंगपर्यंत पाणी साचलेलं असणार. पँट घोट्याच्या बरीच वर आणि पटकन वाळणारी हवी, कापडी बुटांऐवजी धुता येतील असे बूट, आणि शाल बॅगेत सगळ्यात वर, कारण भिजून टॅक्सीत बसलात की चालक एसी पूर्ण सोडून ठेवतो.